तंबाखूच्या बदल्यात तोफा: अमेरिकन क्रांतीच्या रसदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर लिहिलं की लढायांपेक्षा पैशांबद्दलच जास्त विचारणा होते. माल कोणी पुरवला, कोणाच्या भरवशावर, आणि त्यात कोण गब्बर झालं? तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सरकार होतं ना? मग सैन्याला माल पुरवायला व्यापारी कशाला लागले?

सरकार नावालाच होतं. फिलाडेल्फियात भरणाऱ्या काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवायचा अधिकार नव्हता. तिच्याकडे खजिना नव्हता, शस्त्रांचे कारखाने नव्हते आणि परदेशात तिला कोणी ओळखत नव्हतं. आम्सटरडॅम, नांत, बिल्बाओ, मार्टिनिक या बंदरांत ओळख होती ती बोस्टन, फिलाडेल्फिया, चार्ल्सटनच्या पेढ्यांची. कोणाच्या हुंडीवर माल सुटतो, कोणता कप्तान तोंड बंद ठेवतो, कोणत्या खाडीत गस्तीची जहाजं शिरत नाहीत, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. इंग्रजांची जकात चुकवता चुकवता झालेला हा अभ्यास होता.

म्हणून १८ सप्टेंबर १७७५ रोजी काँग्रेसने एक गुप्त समिती नेमली आणि दारूगोळा आणण्याचे करार तिच्या हाती दिले. पहिला अध्यक्ष थॉमस विलिंग, आणि पुढे त्याचाच भागीदार रॉबर्ट मॉरिस. समितीचे बरेचसे करार समितीतल्या सभासदांच्या किंवा त्यांच्या सोयऱ्या-भागीदारांच्या पेढ्यांनाच मिळाले. आज याला आपण सरळ भानगड म्हणू. तेव्हाही काही जण म्हणालेच (प्रश्न ११). पण मोठी जहाजं आणि परदेशातली पत मोजक्या घरांकडेच होती, आणि तीच घरं राजकारणातही होती.

२. युद्ध सुरू झालं तेव्हा सैन्याकडे बंदुकीची दारू खरंच नव्हती का?

जवळपास नव्हतीच. ऑगस्ट १७७५ मध्ये बोस्टनला वेढा घालून बसलेल्या वॉशिंग्टनला सांगितलं गेलं होतं की तीनशेहून जास्त पिंपं आहेत. नीट मोजणी झाली तेव्हा चाळीसही भरली नाहीत. माणशी जेमतेम नऊ बार निघतील एवढी दारू. हे ऐकून वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्द बोलला नाही, असं तिथे हजर असलेल्या जनरल सुलिव्हनने लिहून ठेवलं आहे. त्याच महिन्यात बर्म्युडातल्या टकर घराण्याच्या संगनमताने तिथल्या सरकारी कोठारातून सुमारे शंभर पिंपं रातोरात पळवली गेली. बर्म्युडाचं पोट अमेरिकेतून येणाऱ्या धान्यावर भरत होतं आणि काँग्रेसने व्यापारबंदी घातली होती. दारूच्या मोबदल्यात बेटाला त्या बंदीतून सूट मिळाली.

खरी अडचण सोऱ्याची होती. बंदुकीच्या दारूत तीन चतुर्थांश भाग सोरा असतो आणि जगातला उत्तम सोरा निघायचा बिहारमध्ये, पाटण्याच्या आसपास. प्लासीनंतर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत गेला. म्हणजे इंग्रजांची दारू आपल्या गंगेकाठच्या मातीतून जात होती आणि अमेरिकन शेतकरी गोठ्यातली माती उकळून सोरा काढू पाहत होते. त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत वापरलेल्या दारूपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दारू एकतर तयार स्वरूपात बाहेरून आली किंवा बाहेरून आणलेल्या सोऱ्यापासून बनली.

३. एखादा करार प्रत्यक्षात कसा चालायचा?

समिती व्यापाऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची. त्या पैशातून तो तंबाखू, तांदूळ, नीळ, पीठ किंवा खारवलेले मासे घ्यायचा, जहाजात भरायचा आणि वेस्ट इंडीज किंवा युरोपात विकायचा. त्या विक्रीतून दारू, बंदुका, तंबूचं कापड, घोंगड्या, औषधं घेऊन जहाज परत. व्यापाऱ्याला दलाली सुटायची. पकडलं जाण्याचा धोका मात्र बहुतेक करारांत काँग्रेसच्या माथी असायचा.

गंमत खरी पुढे होती. एकाच जहाजात काँग्रेसचा माल असायचा आणि व्यापाऱ्याचा स्वतःचाही. जहाज पोचलं तर कोणती पेटी कोणाची आणि बुडालं तर बुडालेलं कोणाचं, याचा निवाडा फक्त त्याच्या वहीत. मॉरिसने मार्टिनिकमधला आपला तरुण आडत्या विल्यम बिंगहॅम याला कळवलं होतं की एक जहाज पोचलं तरी दोन-तीन, चार बुडालेल्यांची भरपाई होते, तेव्हा हात थांबवू नका. बिंगहॅम तिथे गेला तेव्हा चोविशीत होता. काँग्रेसचा प्रतिनिधी, मॉरिसचा भागीदार आणि खाजगी लढाऊ जहाजांचा हिस्सेदार या तिन्ही टोप्या तो एकाच डोक्यावर वागवत होता. परत आला तो देशातल्या अतिश्रीमंतांपैकी एक होऊन.

४. सेंट युस्टेशस हे नाव सारखं येतं. एवढंसं बेट इतकं महत्त्वाचं कसं?

कॅरिबियनमधलं हे डच बेट वीसेक चौरस किलोमीटरचं. पाणी कमी, शेती बेताची. पण डचांनी ते खुलं बंदर ठेवलं होतं: जकात नाही, चौकशी नाही. किनाऱ्यालगत गोदामांची एकच लांब रांग आणि त्यात साऱ्या युरोपातला माल. हॉलंडहून येणारी दारू चहाच्या पेट्यांत आणि तांदळाच्या पिंपांत भरून यायची. डच सरकार इंग्रजांच्या तक्रारीवरून वरवर बंदीहुकूम काढत राहिलं आणि व्यापारी माल भरत राहिले. मेरीलँडसारख्या राज्यांनी तर तिथे आपले आडते कायम बसवले होते.

१६ नोव्हेंबर १७७६ रोजी ‘अँड्र्यू डोरिया’ हे अमेरिकन जहाज बंदरात शिरलं, त्याने सलामी दिली आणि गव्हर्नर योहानेस द ग्राफच्या हुकमाने किल्ल्यावरून उलट सलामी झडली. बंडखोरांच्या झेंड्याला परक्या सत्तेने मान दिला म्हणून लंडनचा तिळपापड झाला.

सूड उगवला गेला ३ फेब्रुवारी १७८१ रोजी. इंग्लंडने डचांविरुद्ध युद्ध पुकारल्याची बातमी बेटावर पोचण्याआधीच ॲडमिरल रॉडनी आरमारासह येऊन थडकला. बंदरात शंभरावर व्यापारी जहाजं उभी होती, ती आयतीच सापडली. पुढे महिनाभर त्याने किल्ल्यावर डच झेंडाच फडकत ठेवला, म्हणजे बेसावध जहाजं आपण होऊन आत यावीत. गोदामं फोडून मालाचे लिलाव झाले. ज्यू व्यापाऱ्यांना वेगळं काढून त्यांची अंगझडती घेतली, कपड्यांच्या अस्तरात शिवलेला पैसा उसवून काढला आणि अनेकांना बायकामुलांचा निरोपही न घेऊ देता बेटाबाहेर हाकललं. रॉडनीला सर्वांत चीड आली ती गोदामांत इंग्रज व्यापाऱ्यांचा माल सापडल्याची. आपलेच लोक शत्रूला माल विकत होते! त्यांनी पुढे त्याच्यावरच दावे लावले. आणि लुटीचा मोठा भाग इंग्लंडला नेणारा ताफा वाटेत फ्रेंचांनी पकडला.

५. फ्रान्सने शस्त्रं फुकट दिली की उधार?

या प्रश्नाचा निकाल लागायला साठ वर्षं गेली, तेव्हा उत्तर लांबणारच.

१७७६ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात उघड युद्ध नव्हतं. परराष्ट्रमंत्री व्हेर्जेनला इंग्लंडला जखम तर करायची होती, पण सुरीवर बोटांचे ठसे नको होते. तेव्हा पुढे झाला बोमार्शे: मूळचा घड्याळजी, मग दरबारी, हेर आणि ‘सेव्हिलचा न्हावी’ या गाजलेल्या नाटकाचा लेखक. त्याच्या नावावर ‘रोद्रिग ओर्तालेझ आणि कंपनी’ ही पेढी उघडली गेली. फ्रेंच सरकारने दहा लाख लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले, स्पेनने तेवढेच दिले, आणखी भांडवल खाजगी गुंतवणूकदारांकडून आलं. पेढीने फ्रेंच शस्त्रागारांतून जुन्या नमुन्याच्या बंदुका आणि तोफा घ्यायच्या, अमेरिकेला पाठवायच्या आणि बदल्यात तंबाखू घ्यायचा, असं ठरलं.

१७७७ च्या वसंतात ‘मर्क्यूर’ आणि ‘आंफित्रीत’ ही जहाजं न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला लागली. त्यातला माल त्याच वर्षी साराटोगाच्या लढाईत कामी आला. तंबाखू मात्र परत गेला नाही म्हणण्याइतकाच गेला. कारण पॅरिसमधला अमेरिकन प्रतिनिधी आर्थर ली काँग्रेसला कळवून बसला होता की हे सगळं फ्रान्सच्या राजाची भेट आहे. ज्याने व्यवहार ठरवला तो तिथलाच दुसरा प्रतिनिधी सायलस डीन सांगत होता की हा सौदा आहे. काँग्रेसला कोणाचं म्हणणं पटलं असेल हे सांगायला नको. हिशेबाचं पुढे काय झालं ते प्रश्न १४ मध्ये.

६. खाजगी लढाऊ जहाजं म्हणजे परवानाधारक चाचेच ना?

पकडल्या गेलेल्या माणसाला पकडणारा तसंच म्हणायचा. कायद्याने फरक होता. मार्च १७७६ मध्ये काँग्रेसने खाजगी मालकांना शत्रूची जहाजं पकडायची परवानगी दिली. मालकाला जामीन ठेवावा लागे: शंभर टनांखालच्या जहाजाला पाच हजार डॉलर, त्यावरच्याला दहा हजार. पकडलेलं जहाज बंदरात आणून सागरी न्यायालयापुढे उभं करायचं. न्यायालयाने ते कायदेशीर लूट ठरवलं तरच विकायचं. पैसे सहसा निम्मे मालकांना आणि निम्मे खलाशांना. हे न करता वाटेतच माल वाटून घेणारा तो चाचा.

काँग्रेसने असे सुमारे सतराशे परवाने दिले, राज्यांनी दिलेले वेगळे. सेलम, बेव्हर्ली, मार्बलहेड ही मासेमारीची गावं यावर उभी राहिली. तिथे जहाजाच्या हिश्श्याचे तुकडे पडायचे, अर्धा, आठवा, सोळावा, आणि ते हातोहात विकले जायचे. खलाशीसुद्धा निघण्याआधी आपला वाटा गहाण टाकून चैन करून घेत.

दोन गोष्टी वाचकांच्या ध्यानात राहत नाहीत. एक, सगळी परवानाधारक जहाजं शिकारीला निघत नसत. बरीच जहाजं माल घेऊन व्यापारालाच जात आणि वाटेत सावज दिसलं तर हात मारत. त्यांचे खलाशी पगारी असत. दोन, सरकारी आरमाराला यामुळे माणसं मिळेनाशी झाली, कारण खाजगी जहाजावर वाटा मोठा आणि शिस्त सैल.

उलटी बाजू भयंकर होती. पकडलेल्या खलाशाला इंग्रज युद्धकैदी मानायला तयार नसत. न्यू यॉर्कच्या वॉलबाउट खाडीत ‘जर्सी’सारखी सडकी जहाजं तुरुंग म्हणून नांगरून ठेवली होती. तिथे हजारो माणसं देवी, हगवण आणि उपासमारीने मेली.

७. समुद्र कळला. जमिनीवरून माल कसा जायचा?

हाल करत. एरवी वसाहतींमधला जड माल किनाऱ्या-किनाऱ्याने गलबतांतून जात असे. किनाऱ्यावर इंग्रज आरमार आलं आणि तोच माल गाड्यांवर चढला. चार घोड्यांची गाडी साधारण टनभर ओझं ओढते, पण घोड्यांचा चारा वाटेत मिळाला नाही तर गाडीतली निम्मी जागा चाऱ्यालाच जाते. गाडीवानाला रोजी हवी, पुलाचे आणि नावेचे पैसे हवेत, चिखलात मोडलेल्या चाकाला लोहार हवा.

मांस सहसा स्वतःच्या पायांनी चालत यायचं. कनेक्टिकटमधले खरेदीदार गुरांचे कळप हाकत हडसन नदी किंग्ज फेरीला ओलांडायचे आणि छावणीत आणून कापायचे. तिथे नवी अडचण: मीठ. खारवल्याशिवाय मांस टिकत नाही आणि मीठ येत होतं बेटांवरून. मीठ महागलं तेव्हा ठिकठिकाणी दुकानांवर मोर्चे गेले आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी आटवायचे कारखाने निघाले. इंग्रजांनी तेही जाळले.

८. वॉशिंग्टनच्या व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीत सैनिक उपाशी राहिले, तेव्हा दुष्काळ होता का?

नाही. पेनसिल्व्हेनियात धान्य होतं. १७७७-७८ च्या त्या हिवाळ्यात मोडली होती ती व्यवस्था. जून १७७७ मध्ये काँग्रेसने रसद खात्याचे नियम बदलून प्रत्येक पिंपाची, प्रत्येक जनावराची नोंद सक्तीची केली आणि दलालीऐवजी ठरावीक पगार लावला. खात्याचा प्रमुख जोसेफ ट्रंबल वैतागून सोडून गेला आणि त्याची जाणती माणसंही पांगली. गाड्यांच्या खात्याच्या प्रमुखाने राजीनामा दिला आणि ती जागा महिनोन्‌महिने रिकामीच होती. पीठ एका जागी, गाड्या दुसऱ्या जागी.

शिवाय वीस मैलांवर फिलाडेल्फियात इंग्रज रोख सोनं-चांदी देत होते आणि वॉशिंग्टनची माणसं कागदी नोटा (प्रश्न १०). शेतकरी रात्री गाडी कुठे हाकत असेल? २३ डिसेंबर १७७७ च्या पत्रात वॉशिंग्टनने कळवलं की अनवाणी आणि उघडे असल्यामुळे २,८९८ माणसं कामाला निकामी आहेत.

९. मग सुधारणा कशाने झाली?

दलाली परत आल्याने! १७७८ च्या वसंतात कनेक्टिकटचा व्यापारी जेरेमाया वॅड्सवर्थ खरेदीखात्यावर आला आणि जनरल नॅथनेल ग्रीन वाहतुकीच्या खात्यावर. ग्रीन आणि त्याचे दोन साहाय्यक मिळून खात्याच्या खर्चावर एक टक्का घेत आणि तिघांत वाटून घेत. सैन्याचं पोट भरू लागलं. पण भाव चढतील तसा खर्च वाढणार आणि खर्च वाढेल तशी दलाली, हेही काँग्रेसला दिसत होतं. त्यातून १७७९ मध्ये ग्रीन, वॅड्सवर्थ आणि सायलस डीनचा भाऊ बार्नबस यांनी गुपचूप भागीदारी केली, पत्रांत खरी नावं येऊ नयेत म्हणून सांकेतिक लिपीचा बेत आखला. माझ्या मते यात चोरीपेक्षा बदनामीची भीती जास्त होती. पण लपवावंसं वाटलं हे खरंच.

१०. कागदी नोटांचं काय झालं?

जून १७७५ मध्ये वीस लाख डॉलरच्या नोटा छापून सुरुवात झाली. १७७९ अखेर आकडा वीस कोटींवर गेला. मार्च १७८० मध्ये काँग्रेसने स्वतःच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला, आणि वर्षभरात तोही टिकला नाही. व्यापाऱ्याला याचा अर्थ सरळ होता: आज माल दिला आणि सहा महिन्यांनी पैसे मिळाले तर घरातून गेले. त्यामुळे जो तो नोटा हाती पडताच त्यांचं मीठ, साखर, जमीन करून ठेवायचा, आणि मग लोक त्याला साठेबाज म्हणायचे.

११. लोकांनी व्यापाऱ्यांविरुद्ध काही केलं का?

बोस्टनचा जुलै १७७७ चा प्रसंग अबिगेल ॲडम्सने नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. एका धनवान आणि चिक्कू व्यापाऱ्याच्या गोदामात कॉफी होती आणि सहा शिलिंगांखाली तो ती विकेना. शंभरेक बाया हातगाडी घेऊन गोदामावर गेल्या आणि किल्ल्या मागितल्या. त्याने नकार दिला तेव्हा एकीने त्याची मानगूट धरून त्याला गाडीत टाकलं. मग किल्ल्या निघाल्या. बायांनी गाडी उलटून त्याला खाली पाडलं, गोदाम उघडलं, कॉफी भरून घेतली आणि निघाल्या. पुरुषांचा मोठा घोळका गप्प उभा राहून बघत होता.

फिलाडेल्फियात प्रकरण रक्तावर गेलं. १७७९ मध्ये भाव ठरवण्यासाठी नागरिकांची समिती बसली होती आणि एका जहाजावरचा माल दाबून ठेवल्याचा ठपका मॉरिसवर आला. ४ ऑक्टोबरला हत्यारबंद मिलिशिया (नागरिकांची फौज) वकील जेम्स विल्सनच्या घरावर चालून गेली. आत विल्सनसोबत मॉरिसही होता. गोळीबारात दोन्हीकडची माणसं मेली.

१२. रॉबर्ट मॉरिसने स्वतःच्या खिशातून युद्ध चालवलं, हे खरं का?

अर्धंच. पैशापेक्षा त्याने सही दिली. १७८१ मध्ये तो अर्थखात्याचा प्रमुख झाला तेव्हा सरकारच्या नोटेला कोणी हात लावत नव्हतं, पण मॉरिसच्या वैयक्तिक हमीच्या चिठ्ठ्या लोक घेत होते. त्यांना ‘बॉब’ म्हणत. लांब मुदतीचा तो लांब बॉब, कमी मुदतीचा तो आखूड.

यॉर्कटाउनकडे निघालेल्या सैनिकांनी सप्टेंबर १७८१ मध्ये पगाराची कुरकुर केली, तेव्हा त्याने फ्रेंच सेनापती रोशांबोकडून वीस हजार डॉलर रोख उसने घेतले आणि एक महिन्याचा पगार खणखणीत नाण्यांत वाटला. तोवर जॉन लॉरेन्सने फ्रान्सहून आणलेली चांदी बोस्टनला उतरली होती. इंग्रज आरमार असताना ती समुद्रमार्गे फिलाडेल्फियाला आणायची छाती नव्हती, म्हणून ओकच्या पेट्यांत भरून बैलगाड्यांवर आडवाटेने शेकडो मैल आणली; पोचायला नोव्हेंबर उजाडला. त्यातल्या सुमारे अडीच लाख डॉलरवर सरकारने बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाचं भागभांडवल घेतलं.

हाच मॉरिस पुढे जमिनींच्या सट्ट्यात बुडाला आणि १७९८ ते १८०१ फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात होता. तो युद्धाच्या कर्जापायी आत गेला असं बरेच जण लिहितात, ते बरोबर नाही.

१३. हाइम सॉलोमनने सहा-साडेसहा लाख डॉलर दान दिले होते ना?

हा आकडा समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरतो. सॉलोमन पोलंडमधून आलेला ज्यू दलाल. फ्रान्स आणि हॉलंडवरच्या सरकारी हुंड्या बाजारात चांगल्या भावाने खपवणं हे त्याचं काम, आणि मॉरिसच्या रोजनिशीत त्याचं नाव वारंवार येतं. फुगलेला आकडा त्याच्या हातून गेलेल्या हुंड्यांचा आहे, दानाचा नाही. त्याचं औदार्य मात्र खरं: पगार न मिळालेल्या जेम्स मॅडिसनला त्याने उसने पैसे दिले आणि व्याज घ्यायला नकार दिला. १७८५ मध्ये तो वारला तेव्हा मालमत्तेपेक्षा देणं जास्त निघालं.

१४. कोणाचे पैसे बुडाले आणि कोणाचे उशिरा का होईना मिळाले?

न्यू ऑर्लिन्सचा ऑलिव्हर पोलॉक घ्या. स्पॅनिश गव्हर्नरांशी असलेल्या ओळखीवर त्याने दारू मिळवून दिली, ती मिसिसिपी आणि ओहायो नद्यांतून उलट्या प्रवाहात वर नेली गेली. पुढे व्हर्जिनियाचा सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क याच्या मोहिमेच्या हुंड्या त्याने आपल्या नावावर स्वीकारल्या. व्हर्जिनिया आणि काँग्रेसने हात वर केले आणि सावकारांनी पोलॉकला हवानात अडकवून ठेवलं.

सायलस डीनला काँग्रेसने हिशेबाचा जाब विचारायला परत बोलावलं, पण वह्या पॅरिसला राहिल्या होत्या. तो १७८९ मध्ये बदनाम अवस्थेत जहाजावर मेला. १८४२ मध्ये काँग्रेसने त्याचा हिशेब पुन्हा तपासला आणि वारसांना सदतीस हजार डॉलर दिले.

बोमार्शेचं घोडं ‘हरवलेल्या दहा लाखां’वर अडलं. फ्रान्सने अमेरिकेला दिलेल्या भेटींच्या यादीत दहा लाख लिव्हर असे होते जे अमेरिकेला मिळाल्याची नोंदच नव्हती. १७९४ मध्ये पावती सापडली: जून १७७६, सही बोमार्शेची. झालं, अमेरिकेने ते त्याच्या येण्यातून वजा धरले. तो म्हणत राहिला की ते राजाच्या गुप्त कामासाठी होते. १७९९ मध्ये तो गेला. १८३५ मध्ये वारसांनी आठ लाख फ्रँकवर तडजोड केली.

१५. याचा मराठ्यांशी काही संबंध?

थेट रसदीचा नाही, पण त्याच फ्रेंच-इंग्रज झगड्याचा धागा पुण्यापर्यंत येतो. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस स्वतःला राजाचा वकील म्हणवत पुण्याला आला. शस्त्रं आणि फौजेच्या बदल्यात त्याला चौलचं बंदर हवं होतं. त्याचा अधिकार संशयास्पद होता, तरी नाना फडणविसांनी त्याला मुद्दाम ठेवून घेतला, आणि मुंबईकर इंग्रज त्या धास्तीनेही पुण्यावर चालून आले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहेच.

व्यापाराचा खरा धागा युद्धानंतरचा. सेलमचा एलायस हॅस्केट डर्बी लढाऊ जहाजांवर मोठा झाला होता. शांतता झाल्यावर ती वेगवान जहाजं करायची काय, म्हणून त्याने ती पूर्वेकडे धाडली. १७८९ मध्ये त्याचं ‘पेगी’ सेलमला परतलं ते मुंबईचा कापूस भरून.